कुंपणाखालून

पेहत्रानला बी धरत नाही.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ल्युब्लियानाच्या बाजारातून
पाकीट आणलं. वरचं चित्र छान होतं.
खांद्याएवढं वाढलं ते, वाऱ्यावर डुललं,
पान चावलं तर नुसतं गवत.
पलीकडे झोफ्का वाल बांधत होती.
हसली असावी;
तिच्या पाठीकडे बघून मला तसं वाटलं.

अस्सल पेहत्रान तिच्या विहिरीजवळ,
उन्हाकडच्या बाजूला.
बुटकं, बारीक पानांचं, दिसायला काहीच नाही.
पण चुरडलं की बडीशेपेच्या कुळातला वास,
आणि जिभेवर ठेवलं
की मुंग्या येतात,
जसं बोलायचं होतं ते आयत्या वेळी विसरावं.

ते विकत मिळत नाही. मागावं लागतं.
मुळाचा तुकडा, ओल्या फडक्यात.
झोफ्काला सासूने दिला,
सासूला सेल्त्साच्या पाद्र्याच्या स्वैपाकिणीने,
तिला कुणी, ते विचारायला आता कुणी नाही.

आणि मी मागणार कुठल्या तोंडाने?
एकोणीस वर्षं आमच्या दोन घरांत विस्तव जात नव्हता.
वितळलेल्या बर्फाचं पाणी
कुणाच्या अंगणातून उतरावं, एवढंच कारण.
नवरे भांडले. नवरे गेले.
भांडण आम्हाला ठेवून गेले,
कोठारातल्या त्या लांब करवतीसारखं:
दोन माणसांशिवाय चालत नाही,
टाकवतही नाही.

मग एका मे महिन्यात कांद्याच्या वाफ्यात
चार कोंब.
तण समजून उपटायला वाकले,
आणि हाताला वास लागला.

विस्तव जात नव्हता.
मूळ आलं होतं, कुंपणाखालून,
गाळाच्या काळ्या मातीतून,
ज्या पाण्यावरून भांडलो त्याच पाण्याच्या वाटेने.

मी ताकास तूर लागू दिली नाही.
झोफ्का अंगणात आली
की कोंबांवर बादली पालथी.
पहिली पोतित्सा खिडक्या लावून भाजली:
चादरीवर पीठ लाटलं, इतकं पातळ की
खालची निळी रेघ दिसावी,
वर आंबट साय, अंडी, साखर, तुपात परतलेला पावाचा चुरा,
आणि पेहत्रान, ओंजळभर, आत्ता चिरलेलं.
वाळवलं तर ते नुसती आठवण होतं
आणि आठवणीने पीठ फुगत नाही.
गुंडाळी मातीच्या साच्यात वळवली,
विणायच्या सुईने टोचली, वाफ जायला,
आणि धुराड्यातून निघालेला वास
सरळ तिच्या घराकडे गेला.
धुराड्याला कोण खिडकी लावणार?

दोन हिवाळ्यांनी झोफ्काला श्कोफ्या लोकाच्या वृद्धाश्रमात नेलं.
क्रान्यचा भाचा आला, मोजपट्टी घेऊन.
विहिरीजवळ आता दोन गाड्यांपुरतं काँक्रीट आहे.

ईस्टरनंतरच्या मंगळवारी मी बसने गेले,
मांडीवर रुमालात चार काप.
ती खिडकीशी होती. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.
काप हातात घेतला, उलटा करून
गुंडाळीचे वेढे मोजले.
खाल्ला. बराच वेळ चावत राहिली.

"साय कमी पडली," म्हणाली.

बाहेर सोरा नदीला बर्फाचं पाणी आलं होतं,
मातकट, कुणाचंच नसलेलं.

"तिसरं वर्ष ना त्याचं?
आता खण. वाटून टाक.
एका जागी राहिलं की चव सोडतं."

माझ्या जिभेवर मुंग्या. मी अजून खाल्लंही नव्हतं.

"आणि ती बादली काढ त्याच्यावरची.
ऊन लागतं त्याला."

मग तिने दुसरा काप उचलला,
न विचारता.